चिंकी गेली कुठे?

परवा टीव्हीवर ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) लागला होता. मुन्ना रेडिओवरच्या जान्हवीच्या आवाजावर फिदा! म्हटलं, बॉस, ‘एमबीबीएस’मध्ये (२००३) याचं चिंकीशी, म्हणजे डॉ. सुमनशी, लग्न ठरलं होतं ना? दुसऱ्या भागात तिचा पत्ताच नाही. डॉ. अस्थाना झालेले बोमन इराणी आता लकी सिंग. कॅन्सरने गेलेला झहीर, म्हणजे जिमी शेरगिल, चक्क व्हिक्टर बनून हजर. चालतंय हो!

मला चुकल्यासारखं वाटतं ते मुन्नाच्या बाबांविना. सुनील दत्त मे २००५मध्ये गेले. पहिल्या भागाच्या शेवटी ते मुलाला जादूची झप्पी देतात, तेव्हा थिएटरात शेजारी माझे बाबा चष्मा पुसत होते. आमच्याकडे झप्पीबिप्पी नसते. घरी जाताना त्यांनी रिक्षात नुसता खांद्यावर हात ठेवला.