सहा आठवडे कुणी दिले नाहीत

२०२५ च्या जूनमध्ये बीड जिल्ह्याच्या आरोग्य विभागाची आकडेवारी वर्तमानपत्रांत आली. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांपैकी ८४३ जणींची गर्भपिशवी काढलेली, आणि त्यांतल्या ४७७ जणी तीस ते पस्तीस वयाच्या. त्याच्या सहा वर्षं आधी याच जिल्ह्यावरून विधिमंडळात गदारोळ झाला होता. समिती बसली, दिल्लीहून नोटीस आली, पुढं सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आला. एवढं सगळं होऊन तिशीतल्या बायकांचा आकडा पुन्हा शेकड्यांनीच छापला जातो, याचा मला संताप आला. बायकांच्या आरोग्याचं काम करत मी या जिल्ह्यात आयुष्य काढलं आहे, त्यामुळं गप्प बसवेना.

ऊसतोडीचा फार जुना इतिहास सांगण्यात मला रस नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतून टोळ्या कारखान्यांकडं जाऊ लागल्या आणि १९७२ च्या दुष्काळानंतर हे जाणं कायमचंच झालं. पुढची पंचवीस-तीस वर्षं संपांची, लवादांची आणि सभांची. त्या वर्षांबद्दल बोलताना लोक टनाचा दर सांगतात, मुकादमाचं कमिशन सांगतात, कुठल्या पुढाऱ्यानं किती वाढवून दिलं ते सांगतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पण त्या कोयत्यातल्या बाईचं पोट दुखत होतं का, हे त्या सगळ्या सभांत कुणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

त्या काळातली एकच गोष्ट गेली त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्या सरकारी रुग्णालयात एक लेडी डॉक्टर होत्या. पांढरं पाणी जातं म्हणून बाई आली की त्या तपासायच्या, गोळ्या लिहून द्यायच्या आणि नवऱ्याला आत बोलावून त्यालाही गोळ्या घ्यायला लावायच्या. जंतुसंसर्ग दोघांत फिरतो, एकटीला औषध देऊन उपयोग नाही, हे त्या अडाणी माणसालाही समजेल असं सांगायच्या. पंधरा दिवसांनी पुन्हा या म्हणायच्या आणि बायका पुन्हा यायच्या. त्या निवृत्त झाल्यावर ती जागा वर्षानुवर्षं रिकामी राहिली. तालुक्याच्या गावातली खाजगी दवाखान्यांची गर्दी त्याच वर्षांत वाढली.

माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलं आहे ते २०१३ ते २०२३ हे दशक. २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात, बिहारमध्ये, छत्तीसगडमध्ये गरज नसताना बायकांच्या पिशव्या काढल्या जात होत्या. काही ठिकाणी सरकारी विमा योजनेचे पैसे मिळवण्यासाठी. आमच्याकडं ती बातमी परप्रांतातली म्हणून वाचली गेली. मराठवाड्यात तेव्हा दुष्काळ एकामागून एक येत होते. शेतात काही नाही, म्हणून आधी न जाणारी घरंही मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेऊन फडावर जाऊ लागली. लग्न सोळा-सतराव्या वर्षी, विशीच्या आत-बाहेर दोन-तीन बाळंतपणं, मग नसबंदी, आणि पंचविशीत पाठ आणि ओटीपोट धरून बसलेली बाई. अशा बायका मी तेव्हा रोज पाहत होते.

फडावरचं काम पाहिलं नसेल त्याला हे कळणार नाही. पहाटे चारला उठायचं, झोपडीवजा कोपीत भाकरी करायच्या, दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढायचं. गाडी रात्री आली तर रात्री चढायचं. अंघोळीला आडोसा नाही, संडास नाही, पाळीचं फडकं धुवायला पाणी नाही. एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढतात. मुकादम पिशवी काढलेलीच बाई मागतात असं शहरात बोललं जातं. तसं तोंडानं मागणारा मुकादम मला भेटला नाही. त्याला बोलायची गरजच नव्हती, खाड्याचा हिशेब पुरेसा होता.

चैत्रात टोळ्या परतल्या की दवाखान्यांत रांग लागायची. सोनोग्राफी व्हायची. ‘पिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल,’ एवढं एक वाक्य ऐकवलं जायचं. पॅप चाचणी नाही, अस्तराचा तुकडा तपासणीला पाठवणं नाही, आधी औषध देऊन पाहणं नाही. शेकडा तीन रुपये व्याजानं तीस-पस्तीस हजार काढायचे आणि आठवड्याभरात टेबलावर जायचं. या कॅन्सरच्या धाकाबद्दल माझ्या मनात सगळ्यात जास्त राग आहे. कारण शेजारच्याच उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयानं आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयानं १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला होता. तीस ते एकोणसाठ वयाच्या बाईची एकदा एचपीव्ही चाचणी झाली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू निम्म्यावर येतात, हे त्यातून सिद्ध झालं आणि २००९ मध्ये जगभरच्या डॉक्टरांनी ते वाचलं. ज्या रोगाची चाचणी आपल्या शिवेवर यशस्वी झाली, त्याच रोगाची भीती घालून आपल्या बायकांची पोटं उघडली गेली.

२०१६ च्या उन्हाळ्यात माझी स्वतःची पिशवी काढली. ते इथं सांगते, कारण हे ऑपरेशन नीट कसं होतं हे मला अंगावरून माहीत आहे. मला गाठी होत्या, रक्तस्राव थांबत नव्हता, वय सत्तेचाळीस. डॉक्टरांनी आधी गोळ्यांवर ठेवलं. हार्मोन सोडणारी मिरेना बसवून पाहू का, असंही विचारलं. हिमोग्लोबिन आठावर आलं होतं; ते वर येईपर्यंत लोहाची इंजेक्शनं दिली आणि तोवर तारीख दिली नाही. पॅप झाली, अस्तराची बायोप्सी झाली, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. बीजांडकोश ठेवायचे की काढायचे, हा प्रश्न मला समोर बसवून विचारला गेला. ते निरोगी असताना काढले तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एका रात्रीत सुरू होतात, हाडं लवकर झिजतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, हे सांगितलं. माझे ठेवले. ही सगळी तयारी म्हणजे काही चैन नव्हती. ऑपरेशनचा अर्धा भाग तोच आहे.

उरलेला अर्धा नंतरचा. कंबरेत इंजेक्शन देऊन भूल, दुसऱ्या दिवशी लघवीची नळी निघाली आणि लगेच उठवून चालायला लावलं, पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची. शौचाला जोर करायचा नाही, म्हणून पातळ औषध. दुसऱ्या आठवड्यात थोडं रक्त दिसलं तेव्हा मी घाबरले. आतले टाके विरघळताना असं होतं, पण ताप आला, घाण वास आला किंवा रक्त वाढलं तर लगेच यायचं, हे कार्डावर लिहून दिलेलं होतं. सहा आठवडे भरलेली कळशीसुद्धा उचलायची नाही, पुढंही जड काम हळूहळू सुरू करायचं, आणि टाके नीट भरल्याचं डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय नवऱ्याजवळ जायचं नाही. माझी धाकटी बहीण राहायला आली. तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, मला ताटावर बसवलं आणि भर दुपारी उगीच रडू येई तेव्हा कारण न विचारता जवळ बसली. बरं होणं काय असतं ते मला तिच्यामुळं कळलं.

त्याच उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या एका सुनेची पिशवी निघाली. वय एकोणतीस. मला ती ताई म्हणायची. तिचे दोन्ही बीजांडकोश काढले होते आणि ते तिला माहीत नव्हतं. कागद वाचून मी तिला सांगितलं. टाके निघाल्यावर ती खुरपायला गेली, कारण व्याज चढत होतं. दसऱ्यानंतर टोळीबरोबर फडावर गेली आणि पहिल्याच दिवशी मोळी उचलली. परत आली ती कंबर वाकवूनच. ‘ताई, पाळीची कटकट गेली म्हनतात, पन अंगातली आगच जाईना. रातीला उठून बसते,’ म्हणाली. तिशीही न ओलांडलेल्या बाईच्या त्या वाफा होत्या. अशा बाईला वयाच्या पन्नाशीपर्यंत हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या असतात, कॅल्शियम द्यायचं असतं, तिची हाडं तपासायची असतात. तिला कुणी परत बोलावलंच नव्हतं. पैसे भरले आणि ती दवाखान्याच्या वहीतून बाहेर पडली.

मग २०१९ आलं. एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला. राष्ट्रीय महिला आयोगानं राज्य सरकारला नोटीस पाठवली. जूनमध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांनी विधान परिषदेत प्रश्न उपस्थित केला आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तरात सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ पिशव्या काढल्या गेल्या. मग नेमलेल्या गोऱ्हे यांच्या समितीसाठी ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं, त्यांत १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. म्हणजे सहा बायकांमागं एक. राज्याची सरासरी तीन टक्क्यांच्याही आत असताना. समितीचं काम मोलाचं होतं, हे मी मानते. खाजगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली, त्यानं काही बायका वाचल्या हेही खरं.

पण त्या वर्षी जे जे ऐकलं ते विसरता येत नाही. कॅमेरे घेऊन आलेल्या मंडळींनी आमच्या गावांना ‘गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव’ म्हणून जगभर दाखवलं. पदर डोळ्यांना लावलेल्या बायकांचे चेहरे झाकले नाहीत, आणि त्यांच्या मुलींची स्थळं मोडली. काही डॉक्टर बैठकीत म्हणाले की बायकाच हट्ट धरतात, आम्ही काय करणार. मी तेव्हाही उभं राहून विचारलं होतं आणि आताही विचारते: बाईनं हट्ट धरला म्हणून तिचा निरोगी अवयव काढता येतो, असं कुठल्या महाविद्यालयात शिकवलं? कारखान्यांची माणसं म्हणाली की मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. साखर मात्र कारखान्याची असते. डिसेंबरात मंत्री नितीन राऊत यांनी पाळीच्या चार दिवसांची मजुरी कारखान्यांनी द्यावी असं मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. सगळ्या गदारोळातली ती सर्वांत शहाणी सूचना होती, आणि तिचीच चर्चा सर्वांत कमी झाली.

करोनात सगळंच थांबलं. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल देऊन सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. दहा वर्षांची लढाई त्या दिवशी जिंकली गेली. जिल्हा, राज्य आणि देश पातळीवर देखरेख समित्या आल्या.

या सगळ्या कागदांत मला एकच गोष्ट सापडत नाही. पिशवी काढायची की नाही यावर नियम झाले. काढल्यानंतर ती बाई काय खाईल, पाणी कोण भरेल, सहा आठवड्यांची मजुरी कोण देईल, यावर काहीच नाही. खरोखर गरज असलेल्या बाया आहेतच. कुणाला गाठी असतात, कुणाचं अंग बाहेर येतं, कुणाला सुरुवातीचा कर्करोग असतो. त्यांचं ऑपरेशन झालंच पाहिजे. पण टाक्यांवर मोळी उचलायला लावली तर गरजेचं ऑपरेशनही तिला अधूच करतं. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, त्याचे सत्कार झाले. आजारपणाची पगारी रजा त्या वाटाघाटीत आली नाही.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याणकारी महामंडळ आहे. त्यासाठी उसाच्या प्रत्येक टनामागं कारखान्यांकडून दहा रुपये घेण्याची आणि तेवढीच भर राज्य सरकारनं घालण्याची तरतूद आहे. त्या पैशातून शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक ऊसतोड बाईला सहा आठवड्यांची मजुरी द्या, आणि तो हंगाम तिच्या जोडीची उचल वसूल करू नका. शल्यचिकित्सकांनी परवानगीच्या कागदावर हिमोग्लोबिन, बायोप्सीचा अहवाल आणि बीजांडकोशांबद्दल तिला काय सांगितलं ते लिहायला लावा. आणि वाचकहो, तुमच्या घरी धुणंभांडी करणारी, शेतावर येणारी बाई पिशवी काढायची आहे असं म्हणाली, तर तिला पैसे देऊन मोकळे होऊ नका. दुसऱ्या डॉक्टरकडं तिच्याबरोबर स्वतः जा, आणि ऑपरेशन झालंच तर तिचा पगार न कापता तिला घरी राहू द्या.