गप्प बसणाऱ्या यंत्राची हजेरी

एटीआर विमानाच्या नाकाशी, कॉकपिटच्या काचांच्या खालच्या अंगाला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन छोट्या धातूच्या पट्ट्या असतात. बाहेरून पाहिलं तर एवढंच. या विमानात प्रवासी मागच्या दारानं चढतात, त्यामुळे त्या कुणाच्या नजरेलाही पडत नाहीत. पट्टी एका आसावर फिरते आणि समोरून येणाऱ्या हवेच्या दिशेला स्वतःला लावून घेते. पंख हवेला किती कोनात भिडतोय, हे त्यावरून कळतं. देखभाल खात्यातले लोक तिला ‘व्हेन’ म्हणतात. कोनाचं नाव अँगल ऑफ अटॅक, पण ते पूर्ण कुणी उच्चारत नाही. ‘एओए’ म्हटलं की झालं.

संपादकांनी मला या पट्टीकडे धाडलं ते एका सरकारी आदेशाची प्रत हातात देऊन. अमुक बनावटीच्या विमानांची स्टॉल प्रोटेक्शन सिस्टीम तमुक तासांच्या आत तपासा, दोष आढळला तर भाग बदला, त्याशिवाय उड्डाण नाही, असा मजकूर होता. कोरडी, वकिली भाषा. यावर लेख काय होणार, असं मनात आलं होतं. आदेशातलं शेवटचं कारण वाचल्यावर मत बदललं. दोष राहिला तर विमानावरचा ताबा कमी होऊ शकतो, असं तिथं लिहिलं होतं. ‘कोसळेल’ हा शब्द असले कागद कधी वापरत नाहीत.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. हा गैरसमज इतका पक्का आहे की शिकलेली माणसंही तसंच धरून चालतात. स्टॉल होतो तो पंख. विमानाचं नाक वर करत गेलं की पंखावरून जाणारी हवा पृष्ठभाग धरून वाहते आणि उचल वाढत जाते. एका ठरावीक कोनापुढे, बहुतेक पंखांच्या बाबतीत साधारण पंधरा अंशांच्या आसपास, हवा पृष्ठभाग सोडून देते. मग उचल कोसळते. इंजिन पूर्ण जोरात चालू असलं तरी विमान खाली यायला लागतं. उपाय एकच, आणि तो माणसाच्या उपजत बुद्धीच्या विरुद्ध आहे: खाली पडत असताना नाक आणखी खाली करायचं.

हे वैमानिकाला वेळेवर कळावं म्हणून दोन यंत्रं. पहिलं स्टिक शेकर. कंट्रोल कॉलमला एक छोटी मोटर बसवलेली असते, तिच्या दांड्यावर एका बाजूला जड असं वजन. मोटर फिरली की सगळा कॉलम थरथरतो. साधा मोबाइल ज्या युक्तीनं थरथरतो तीच युक्ती, फक्त आकार मोठा. सोबत कॉकपिटमध्ये किरकिर वाजते, तिला वैमानिक ‘क्रिकेट’ म्हणतात. खेळ नव्हे, रातकिडा. नियमाप्रमाणे हा इशारा प्रत्यक्ष स्टॉलच्या वेगापेक्षा निदान पाच नॉट किंवा पाच टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढं, आधी मिळायला हवा. वैमानिकानं ऐकलं नाही तर दुसरं यंत्र, स्टिक पुशर. ते थरथरत नाही, विचारत नाही. कॉलम सरळ पुढे ढकलतं.

पुशरची गरज कशी पटली ते इंग्लंडमध्ये कळतं. 22 ऑक्टोबर 1963 रोजी विल्टशायरमधल्या चिकलेड गावाजवळ बीएसी वन-इलेव्हनचं पहिलं नमुना विमान चाचणी उड्डाणात जवळजवळ आडवंच्या आडवं जमिनीवर आलं. सातही जण गेले. त्यांत माइक लिथगो हा वैमानिक होता. 1953 साली वेगाचा जागतिक विक्रम काही काळ त्याच्या नावावर होता. विमानाची शेपटी टी आकाराची, म्हणजे आडवे पंख शेपटीच्या माथ्यावर. मुख्य पंख स्टॉल झाला की त्याची विस्कटलेली हवा नेमकी त्या माथ्यावर जाते आणि शेपटी निकामी होते. नाक खाली करायला लागतं तेच साधन हातातून जातं. तीन वर्षांनी, 3 जून 1966 रोजी, नॉरफोकमधल्या फेल्थॉर्पला एक नवं कोरं ट्रायडंट तसंच पडलं, चौघे गेले. ते उड्डाण स्टॉलचा इशारा देणारी व्यवस्था तपासण्यासाठीच होतं, आणि तपासणीसाठी ती काही वेळ बंद करावी लागली होती.

तरीही या यंत्राचा खरा इतिहास मला 18 जून 1972 च्या संध्याकाळी दिसतो. हीथ्रोहून ब्रुसेल्सला निघालेलं ट्रायडंट अडीच मिनिटांत स्टेन्सजवळ पडलं, 118 माणसं गेली. कॉकपिटमध्ये कुणीतरी पंखाच्या पुढच्या कडेचे ड्रूप, म्हणजे खाली झुकणारे भाग, फार लवकर, फार कमी वेगात आत घेतले. पंख स्टॉलच्या दारात गेला. पुशरनं कॉलम पुढे ढकलला. पुन्हा ढकलला. मग कुणीतरी हात लांब करून पुशर बंद केला. या व्यवस्थेनं आधी खोटे इशारे दिले होते आणि वैमानिकांचा तिच्यावरचा भरवसा उडाला होता, हे चौकशीत पुढे आलं. भग्नावशेषांत तपासनिसांना त्या व्यवस्थेच्या हवेच्या वाहिनीतली एक झडप जागेपासून एक षष्ठांश फेरा सरकलेली मिळाली, आणि ती पक्की धरणारी तार गायब होती. झडप सरकलेली असूनही यंत्रानं त्या दिवशी आपलं काम केलं. पण ती तार मी विसरू शकलो नाही. बोटाएवढ्या तारेचा तुकडा कुणीतरी बांधायचा राहून गेला होता, किंवा सोडून परत बांधला नव्हता.

अशा यंत्राची देखभाल इतर भागांसारखी होत नाही. चाक झिजलं तर दिसतं, इंजिन बिघडलं तर आकडे बोलतात. स्टॉलची व्यवस्था मात्र सुरळीत चाललेल्या उड्डाणांत एकदाही तोंड उघडत नाही. ती धडधाकट आहे म्हणून गप्प आहे की मेली आहे म्हणून, हे विमान उडत असताना ओळखता येत नाही. म्हणून जमिनीवर मुद्दाम तिला बोलायला लावावं लागतं. असे लपून राहणारे दोष शोधण्याच्या तपासण्या विमानाला परवाना मिळतानाच ठरवून दिलेल्या असतात, आणि त्यांची मुदत विमान कंपनीला आपल्या सोयीनं लांबवता येत नाही. त्याउपर कुठं दोष उघड झाला की विमानाचा आराखडा जिथं झाला तिथला नियामक आदेश काढतो. एटीआरचा आदेश कोलोनमधल्या ‘इआसा’ या युरोपीय नियामकाकडून येतो, क्यू-400चा कॅनडाहून, बोइंगचा अमेरिकेच्या एफएएकडून. आपल्याकडे डीजीसीएच्या नियमांनुसार तो इथंही तितकाच बंधनकारक. या आदेशाला हँगरमध्ये ‘एडी’ म्हणतात, आणि एडी निघाली की रात्रपाळीच्या यादीत एक ओळ वाढते.

ती ओळ पूर्ण होताना पाहायची म्हणून मुंबईतल्या एका हँगरमध्ये रात्री गेलो. विमानं दिवसा पैसे मिळवतात, त्यामुळे तपासणी रात्रीच. एव्हिऑनिक्सचे परवानाधारक इंजिनीअर पन्नाशीच्या पुढचे, मूळचे रत्नागिरीकडचे. सगळे त्यांना ‘सर’ म्हणत होते, म्हणून मीही.

“हात लावू नका,” हे त्यांचं पहिलं वाक्य. व्हेनला आतून तापवण्याची सोय असते, बर्फ धरू नये म्हणून, आणि ती चालू असेल तर बोट भाजतं. कॉकपिटमध्ये त्यांच्या हाताखालच्या मुलीनं हीटिंगचे ब्रेकर ओढून त्यावर लाल कॉलर चढवल्या आणि तसं हेडसेटवर सांगितलं. तिनं सांगितल्यावरही सरांनी शिडी चढून हाताचा पालथा भाग व्हेनजवळ धरून पाहिला. मग लाल फितीचं आवरण काढलं, व्हेनवर अंशांच्या खुणा असलेली एक चकती बसवली आणि तर्जनीनं पट्टी अगदी सावकाश फिरवायला सुरुवात केली.

“अजून नाही,” ती आतून म्हणाली. “नाही. नाही. आला, सर.”

कॉलमची थरथर बाहेरपर्यंत ऐकू येते, हे मला अपेक्षित नव्हतं. आधी रातकिडा, मग सबंध नाकाच्या पत्र्यातून जाणारा खरखराट. सरांनी चकतीवरचा आकडा मोठ्यानं वाचला, तिनं तो पुन्हा उच्चारला, आणि दोघांनी आपापल्या कागदावर लिहिला. पुशरची पाळी आली तेव्हा मी आत कॉकपिटमध्ये गेलो, आणि त्यांनी तिला आणि मला दोनदा बजावलं: गुडघे मागे, कॉलमपाशी हात नको. मग दोन्ही व्हेन एकाच वेळी वळवायला दुसरा तंत्रज्ञ पलीकडच्या शिडीवर चढला. कॉलम पुढे गेला तो रुबाबात वगैरे नाही, एका धक्क्यात. मी माझ्या अंगाएवढा माणूस तो मागे ओढतोय अशी कल्पना करून पाहिली, आणि स्टेन्स आठवलं.

एटीआरचं आणखी एक वैशिष्ट्य त्यांनी दाखवलं. पंखावर बर्फ जमला की पंख नेहमीपेक्षा कमी कोनात स्टॉल होतो. म्हणून बर्फविरोधी यंत्रणा चालू केली की शेकरचा उंबरठाच खाली येतो आणि ‘आयसिंग एओए’ असा हिरवा दिवा लागतो. दोन उंबरठे, म्हणून चाचणीही दोनदा. पहिल्यात पास झालेली व्हेन दुसऱ्यात नापास होऊ शकते.

उजवी व्हेन नापास झाली ती मात्र वेगळ्याच कारणानं. आकडा मर्यादेत होता, मी स्वतः पाहिला. चकती काढल्यावर सरांनी पट्टी नुसती बोटानं हलवून पाहिली. मग डोळे मिटून पुन्हा हलवली. “इथं अडखळते,” ते म्हणाले. मला हलवायला दिली. मला काहीच कळलं नाही. मुलीला दिली, तिनं मान हलवली. व्हेन अडखळत फिरली तरी चालेल असं कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही, तेव्हा भाग बदलायचा. नवा भाग बसवला की सगळी चाचणी पहिल्यापासून. ऑपरेशन्सवाल्यांचे फोन सुरू झाले, कारण सकाळचं उड्डाण याच विमानाचं होतं. शेवटी त्या उड्डाणाला दुसरं विमान लावलं गेलं. चिडलेल्या माणसाशी सर ज्या संथपणानं फोनवर बोलत होते तो ऐकून मला त्या माणसाचीच दया आली.

अडखळण्याचं एवढं काय, हे फ्रान्समधल्या पर्पिन्याँच्या अपघाताकडे पाहिलं की समजतं. नोव्हेंबर 2008 मध्ये एक एअरबस ए-320 रंगकामानंतर मालकाला परत देण्यासाठी चाचणी उड्डाणावर होती. तीन दिवस आधी ती पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतली गेली आणि त्या वेळी व्हेन झाकल्या नव्हत्या. पाणी आत शिरलं, वर गेल्यावर गोठलं, तीनपैकी दोन व्हेन जागच्या जागी अडकल्या. स्टॉलपासून वाचवणारी स्वयंचलित व्यवस्था त्या दोघींवर विसंबून राहिली. वैमानिकांनी ती व्यवस्था पाहण्यासाठी कमी उंचीवरच विमान मुद्दाम हळू केलं. सात जण गेले. 2014 मध्ये बिल्बाओजवळ उलटं झालं: लुफ्तान्साच्या ए-321च्या दोन व्हेन चढताना गोठल्या, संगणकाला वाटलं विमान स्टॉल होतंय, आणि त्यानं धडधाकट विमानाचं नाक खाली केलं. सुमारे चार हजार फूट खाली आल्यावर वैमानिकांनी ते सावरलं. इआसानं पुढच्याच महिन्यात तातडीची एडी काढली.

म्हणजे या तपासणीला दोन उलट दोष एकाच वेळी शोधायचे असतात, गरज असताना न बोलणारी व्हेन आणि गरज नसताना बोलणारी. मला दुसऱ्याची भीती जास्त वाटते, कारण ती माणसाला बिघडवते. 2009 मध्ये अमेरिकेत बफलोजवळ क्यू-400चा शेकर त्याला सांगितल्याप्रमाणे, वेळेआधीच वाजला. बर्फाचा स्विच चालू होता आणि वैमानिकांनी वेग साध्या हवेचा धरला होता. कॅप्टननं दचकून कॉलम मागे ओढला. पुशर ढकलत राहिला, तो ओढत राहिला. विमानातले 49 आणि ज्या घरावर ते पडलं तिथला एक, असे 50 जण गेले. ती यंत्रणा हँगरमध्ये कितीही तपासली असती तरी पासच झाली असती. अमेरिकेनं नंतर पूर्ण स्टॉल आणि पुशरचं प्रशिक्षण सिम्युलेटरमध्ये सक्तीचं केलं, ते 2019 पासून.

आणि मग लायन एअर. ऑक्टोबर 2018. बोइंग 737 मॅक्सची डावी व्हेन बालीतल्या देनपसारला बदलली. बदललेला भाग फ्लोरिडातल्या एका कारखान्यातून दुरुस्त होऊन आलेला, आणि तो 21 अंशांनी चुकलेला होता. दुरुस्तीच्या टेबलावरच्या उपकरणाचा एक स्विच चुकीच्या बाजूला राहिला असावा, असा इंडोनेशियाच्या तपासनिसांचा अंदाज. बसवल्यावर चाचणी झाली असती तर 21 अंश कुणाच्याही नजरेतून सुटले नसते. चाचणी केल्याचा पुरावा म्हणून फोटो दिले गेले. ते दुसऱ्याच विमानाचे निघाले. दुसऱ्या दिवशी शेकर जवळजवळ संपूर्ण उड्डाणभर थरथरत होता, एमकॅस ही यंत्रणा त्याच चुकीच्या कोनावर नाक खाली दाबत होती, आणि 189 माणसं जावा समुद्रात गेली. पाच महिन्यांच्या आत इथिओपियात 157. कारखान्याचा परवाना एफएएनं रद्द केला. मॅक्सची बदनामी झाली ती एमकॅसमुळे, आणि रास्तच. देनपसारच्या त्या चाचणीबद्दल मात्र विमानतळांच्या बाहेर कुणी फारसं बोलत नाही.

सर बोलले. चहाच्या टपरीवर, पहाटे, त्यांनी मला तपासणीचा फॉर्म दाखवला. चाचणी झाली का, याच्यापुढे एक चौकोन होता. परवान्याचा क्रमांक, सही, तारीख, यांना जागा होती. चकतीवर आकडा किती आला, याला जागा नव्हती. सरांनी दोन्ही बाजूंचे, दोन्ही उंबरठ्यांचे आकडे समासात बारीक अक्षरात लिहिले होते, नव्या व्हेनचे वेगळे. गेली कित्येक वर्षं ते असंच लिहितात. एकदा क्वालिटी विभागानं लेखी विचारणा केली होती, की हे आकडे कोणत्या नियमाखाली नोंदवले जात आहेत.

“मग काय उत्तर दिलंत?”

“नियम नाही म्हटलं. समास मोकळा होता.”