दात पांढरे करायचे, पण कुठे?

लग्नाची तारीख ठरली की शालू, दागिने आणि मेंदीच्या यादीत हल्ली आणखी एका गोष्टीची भर पडते – दात पांढरेशुभ्र करून घेणे. फेशियल करावे तितक्या सहजपणे तासाभरात हे काम उरकता येईल, असे अनेकींना वाटते. पण दात म्हणजे केस किंवा नखे नव्हेत. नख तुटले तर पुन्हा वाढते, दातावरचे एनॅमल एकदा झिजले की परत येत नाही. म्हणून दात पांढरे करणे हा शृंगार नसून उपचार आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

पिवळेपणाचे कारण शोधा

सगळेच दात एकाच कारणाने पिवळे होत नाहीत. चहा, पान, तंबाखू किंवा मिश्री यांचे डाग बहुधा वरवरचे असतात. दंतवैद्याकडून दात साफ करून घेतले तरी ते बरेचसे निघतात, ब्लीचिंगची गरजच उरत नाही. यवतमाळ, चंद्रपूर किंवा तेलंगणातील नलगोंडा भागातील काही गावांत पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त असते. तिथे लहानपणी दात घडत असतानाच त्यांवर डाग पडतात. अशा दातांवर ब्लीचिंग केल्यास पांढरे ठिपके अधिकच उठून दिसू शकतात. बालपणी टेट्रासायक्लिन हे औषध घेतल्यानेही दात करडे होतात आणि ते सहजासहजी उजळत नाहीत.

एकच दात काळवंडला असेल तर विशेष सावध राहावे. पूर्वी कधी मार लागून त्याची नस मेलेली असू शकते. अशा वेळी एक्स-रे काढून रूट कॅनाल करावे लागते. नुसता वरून रंग उजळला तर आतले दुखणे झाकले जाते आणि ऐन समारंभात गाल सुजण्याची पाळी येते.

जागा कशी निवडावी?

दात उजळवणारे मुख्य रसायन म्हणजे पेरॉक्साइड. दवाखान्यात वापरले जाणारे द्रावण बरेच तीव्र, अनेकदा 35 टक्क्यांच्या आसपास असते. ते हिरडीला लागले तर हिरडी भाजते. म्हणून दंतवैद्य आधी हिरड्यांवर संरक्षक थर देतात. किडलेल्या दातात हे रसायन शिरले तर कळ मस्तकात जाते. इंग्लंडमध्ये 2013 साली उच्च न्यायालयाने दात पांढरे करणे हे दंतवैद्यकाचेच काम असल्याचा निर्णय दिला, तो उगीच नव्हे.

दवाखान्यात गेल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात :

• डॉक्टर बी.डी.एस. किंवा एम.डी.एस. आहेत का? राज्याच्या दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये.

• काम स्वतः डॉक्टर करणार की मदतनीस?

• आधी कीड, हिरड्या आणि जुने सिमेंट तपासले का? कॅप आणि सिमेंट उजळत नाहीत, त्यामुळे नंतर रंगात फरक दिसतो.

• कोणते औषध, किती तीव्र, किती वेळा आणि एकूण खर्च किती, हे आधी सांगितले का?

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तसेच 18 वर्षांखालील मुलामुलींनी हा उपचार टाळावा. खर्च झेपत नसेल तर शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करावी. मुंबई, नागपूर, इंदूर, हैदराबाद येथे अशी महाविद्यालये आहेत.

घरगुती प्रयोग नकोत

लिंबू-मीठ किंवा कोळशाची पूड दातांवर घासू नये. लिंबाच्या आम्लाने आणि खरखरीत पुडीने एनॅमल झिजते, आतला थर मुळातच पिवळसर असतो आणि दात पूर्वीपेक्षा जास्त पिवळे दिसू लागतात. घरीच करायचे असेल तर दंतवैद्याने दातांचे माप घेऊन बनवलेला ट्रे आणि त्यांनी दिलेले सौम्य जेलच वापरावे.

उपचारानंतर काही दिवस गार-गरम लागते. पहिले दोन दिवस चहा, कॉफी आणि हळदीची आमटी-भाजी टाळावी. तेव्हा हे काम हळदीच्या आदल्या दिवशी न करता निदान महिनाभर आधी उरकावे. हा उजळपणा कायमचा नसतो, हेही लक्षात ठेवावे.

तपासून झाल्यावर एखादे डॉक्टर म्हणाले, ‘‘तुम्हाला याची गरज नाही, नुसते दात साफ करून घ्या,’’ तर हिरमुसू नये. गिऱ्हाईक हातचे जात असतानाही खरे सांगणारा दवाखाना हाच दातांसाठी सर्वांत सुरक्षित.