हलत्या चित्रांचा कारखाना : मॅक्स फ्लायशर आणि त्याची माणसे

व्यंगचित्रपट म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वॉल्ट डिस्ने आणि त्याचा मिकी उंदीर उभा राहतो. परंतु पालकाची भाजी खाऊन दंड फुगविणारा तो एकाक्ष खलाशी पॉपाय, मोठ्या डोळ्यांची नखरेल बेटी बूप, किंवा आकाशातून झेप घेणारा पडद्यावरचा पहिला सुपरमॅन, ही मंडळी डिस्नेच्या घरची नव्हेत. ती न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावरील 1600 क्रमांकाच्या इमारतीतून पुढे मियामीस गेलेल्या एका चित्रशाळेत जन्मली किंवा वाढली. त्या चित्रशाळेचा धनी मॅक्स फ्लायशर आणि दिग्दर्शक त्याचा धाकटा भाऊ डेव्ह. या दोघांची, आणि त्यांच्याबरोबर राबणाऱ्या शेकडो हातांची हकीकत आज सांगावयाची आहे.

आम्ही चित्रकार नव्हे आणि चित्रपटाचे पंडितही नव्हे. आमचे आयुष्य गेले कामगारांच्या सभांत, मागणीपत्रकांत आणि वाटाघाटींच्या टेबलाशी. तेव्हा हा विषय आम्ही का घेतला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ज्या वस्तूकडे पाहून लहान मूल टाळ्या पिटते, तीसुद्धा कोणाच्या तरी पाठीच्या कण्याने तयार होते. हे जितके स्वच्छ या धंद्यात दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

मॅक्सचा जन्म 1883 साली क्राकूव्ह येथे झाला. आज पोलंडमध्ये असलेले ते शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात होते. घर ज्यू, बाप शिंपी. 1887 साली हे कुटुंब पोटासाठी अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झाले. डेव्हचा जन्म तिकडचाच, 1894 सालचा. मॅक्सने चित्रकलेचे धडे घेतले ते कूपर युनियनमध्ये. श्रमजीवी लोकांनाही शिकता यावे म्हणून एका कारखानदाराने 1859 साली उघडलेली ही संस्था. ब्रुकलिनच्या एका दैनिकात मॅक्स प्रथम निरोप्या पोऱ्या म्हणून लागला आणि चढत चढत तेथेच व्यंगचित्रकार झाला. पुढे छपाईचे ठसे करण्याचे काम केले, कारखान्याच्या मालाच्या सूचिपत्रकांसाठी चित्रे काढली, आणि शेवटी विज्ञानविषयक एका लोकप्रिय मासिकाचा तो कलासंपादक झाला. म्हणजे एका हातात कुंचला आणि दुसऱ्या हातात पेचकस, असा हा माणूस. आपल्या दादासाहेब फाळके यांची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही. तेही छायाचित्रण आणि छपाई या उद्योगांतूनच चित्रपटाकडे वळले, आणि त्यांनी 1915 साली 'आगकाड्यांची मौज' या नावाचा, आगकाड्या हलवून केलेला चित्रपट काढला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मॅक्सने आपल्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला.

हे यंत्र म्हणजे रोटोस्कोप. त्या काळची हलती चित्रे मोठी धडपडत चालत. पात्राने हात उचलला की तो झटक्याने वर जाई, कारण मधल्या अवस्था चित्रकाराने अंदाजाने काढलेल्या असत. मॅक्सने विचार केला की, माणूस खरोखर कसा हलतो हे कॅमेऱ्याला ठाऊक आहे, मग त्यालाच का विचारू नये? त्याने डेव्हला विदूषकाचा पोशाख चढविला, त्याच्या उड्यांचे चित्रण केले, आणि ती फिल्म एकेक चित्र करून काचेवर पाडली. काचेवर कागद ठेवून प्रत्येक चित्र गिरवावयाचे. गिरवलेले कागद पुन्हा ओळीने कॅमेऱ्याखाली घ्यावयाचे की शाईचा विदूषक जिवंत माणसासारखा नाचू लागतो. यंत्र जमविण्याच्या खटपटीत जो नावाचा तिसरा भाऊही होता. 1917 साली पेटंट मिळाले. आज संगणकावर चालणाऱ्या चित्रपटाच्या धंद्यातही चित्रावरून आकृती गिरवून काढण्याच्या कामास रोटो हाच शब्द वापरतात.

या विदूषकाचे नाव पुढे कोको पडले. दौतीतून तो बाहेर यावा, खऱ्याखुऱ्या मॅक्सची टेबलापाशी खोडी काढावी, आणि शेवटी पुन्हा दौतीत जावे, अशी ती चित्रमालिका होती. 1921 साली भावांनी आपली स्वतंत्र चित्रशाळा काढली. 1923 साली आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद समजावून देणारा चित्रपट त्यांनी केला, 1925 साली उत्क्रांतिवादावर केला. हलते चित्र हे लोकशिक्षणाचे साधन आहे, ही मॅक्सची खरी श्रद्धा होती. 1924 पासून त्यांनी गाण्यांचे चित्रपट काढले. पडद्यावर गाण्याचे शब्द येत आणि त्यांवरून एक पांढरा चेंडू टुणटुण उड्या मारीत जाई. ज्या शब्दावर चेंडू, तो शब्द सगळ्या प्रेक्षकांनी म्हणावयाचा. यांपैकी काही चित्रपटांना त्यांनी आवाजाचीही जोड दिली होती, आणि तीही डिस्नेचा 1928 सालचा गाजलेला बोलपट येण्यापूर्वी. हजार अनोळखी माणसांना एका सुरात गायला लावणे किती अवघड असते, हे सभा चालविणाऱ्यांना सांगावयास नको.

1930 साली बेटी बूप आली. प्रथम तिचे रूप कुत्रीचे होते. तिचे कान पुढे कर्णभूषणे झाले. 1934 साली चित्रपटांच्या नीतिनियमांची अंमलबजावणी कडक झाली तेव्हा तिचा झगा लांबला आणि तिचा खट्याळपणा ओसरला. परंतु तोवर 1933 साली पॉपाय पडद्यावर आला होता. सीगर नावाच्या चित्रकाराने वर्तमानपत्रासाठी 1929 साली निर्मिलेले हे पात्र फ्लायशर बंधूंच्या हाती आले, आणि मिकी उंदराला त्याने लोकप्रियतेत तोडीस तोड टक्कर दिली. डिस्नेचे जग शेताभाताचे आणि परीकथांचे, तर फ्लायशरचे जग शहरातले: गोदी, गल्ली, मुष्टियुद्ध, निग्रो गायकांचे जाझ संगीत. पॉपाय बोलतोही कमी आणि पुटपुटतो जास्त, गोदीतल्या माणसासारखाच.

आता हा माल तयार कसा होई ते पाहू. बोलपटात दर सेकंदास 24 चित्रे डोळ्यांपुढून जातात. सात मिनिटांच्या चित्रपटास 10,080 चित्रे झाली. एकेक रेखाटन दोनदा घेतले तरी पाच हजार उरतात, आणि पडद्यावर दोन पात्रे असली तर संख्या आणखी वाढते. एवढे काम एका हाताचे नव्हे. मुख्य चित्रकार हालचालीची टोके काढी: मूठ मागे, मूठ पुढे. मधल्या अवस्था भरणारे वेगळे. कागदावरची रेघ पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने उतरविणारे वेगळे. त्याच्या पाठीमागून रंग भरणारे वेगळे. मग पार्श्वभूमीवाले, मग कॅमेरावाले. कापसाची गाठ फुटल्यापासून ठाण घडी होईपर्यंत गिरणीत जशी खाती असत, तशीच ही खाती. फरक इतकाच की तेथे यंत्र सूत ओढी, आणि येथे सारे डोळ्यांवर आणि मनगटावर.

पडद्यावर नाव येई ते मॅक्सचे आणि दिग्दर्शक म्हणून डेव्हचे. वस्तुतः एकेका चित्रपटाचे दिग्दर्शन बव्हंशी मुख्य चित्रकारच करी. डेव्ह सर्वांवर फिरून विनोद सुचवी, दुरुस्त्या करी. खालच्या खात्यांतल्या तरुण मुलामुलींचे नाव कोठेच नसे. लिलियन फ्रीडमन ही याच चित्रशाळेत मुख्य चित्रकाराच्या जागेपर्यंत चढली. अमेरिकेत तो मान मिळविणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी ती एक. बाकीच्या बहुतेक स्त्रिया शाई आणि रंग यांतच राहिल्या.

मॅक्स दुष्ट मालक नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तो शिंप्याचा मुलगा, स्वतः पोऱ्याच्या कामापासून वर आलेला. आपली चित्रशाळा म्हणजे एक कुटुंब आहे आणि आपण त्याचे वडील आहोत, असे त्यास मनापासून वाटे. परंतु कुटुंबाची उपमा मालक देतो तेव्हा कामगाराने थोडे सावध व्हावे, असे आमचे मत आहे. कुटुंबात हिशेब मागणे हा उद्धटपणा ठरतो. कामाच्या ठिकाणी तो हक्क असतो. मंदीचे दिवस, तुटपुंजा पगार, कामाचा वाढता रेटा. 1935 साली एक तरुण कामगार क्षयाने दगावला आणि चित्रशाळेतील कोंदट हवेला त्याच्या सोबत्यांनी दोष दिला. त्याच वर्षी अमेरिकेत वॅग्नर कायदा झाला आणि संघटना करण्याच्या हक्कास कायद्याचा आधार मिळाला. 1937 च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला.

मॅक्सने संघटनेशी बोलणी करण्याचे नाकारले. संघटनेतील काही जणांना कामावरून कमी केले. 7 मे 1937 रोजी संप सुरू झाला. व्यंगचित्रपटाच्या धंद्यातील हा पहिला मोठा संप. ब्रॉडवेवर चित्रकारांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांच्या फलकांवर पॉपाय होता, आणि एवढ्या पगारात पालकही परवडत नाही अशी थट्टा होती. निदर्शने करतानाही माणसे आपला धंदा विसरली नाहीत. हसविण्याचेच काम केले, फक्त या वेळी स्वतःसाठी. वादकांच्या संघटनेने त्यांना साथ दिली, पॉपायचे चित्रपट लावू नयेत म्हणून चित्रपटगृहांवर दडपण आणले गेले. संप पाच महिने चालला. ऑक्टोबरात तडजोड झाली. संघटनेस मान्यता, पगारवाढ आणि पगारी रजा पदरात पडल्या.

पण गोष्ट येथे संपत नाही. त्याच डिसेंबरात डिस्नेचा 'स्नो व्हाइट' हा पूर्ण लांबीचा चित्रपट आला आणि तुफान चालला. फ्लायशरचे चित्रपट वितरित करणारी आणि त्यास भांडवल पुरविणारी पॅरामाउंट कंपनी म्हणू लागली की आम्हासही तसा पाहिजे. 1938 साली चित्रशाळा न्यूयॉर्क सोडून दूर दक्षिणेस, फ्लोरिडातील मियामीस गेली. मोठी जागा आणि करांची सवलत ही कारणे होतीच. परंतु तेथे संघटना दुबळ्या आहेत हेही मालकाच्या मनात होते. कारखाना हलवून संघटना मोडण्याचा हा उपाय आपणा महाराष्ट्रीयांस परका नाही.

मियामीत कामगारांची संख्या काही पटींनी वाढली, खर्च वाढला, कर्जही वाढले. 1939 अखेर 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' निघाला आणि बरा चालला. 1941 साली सुपरमॅनचे देखणे, खर्चिक चित्रपट निघाले. परंतु मॅक्स आणि डेव्ह या भावांत बोलणे उरले नव्हते. 1941 च्या डिसेंबरात दुसरा मोठा चित्रपट लोकांपुढे आला, आणि दोनच दिवसांत पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. चित्रपट पडला. पॅरामाउंटने मॅक्सचा राजीनामा घेतला, चित्रशाळा ताब्यात घेतली, 1942 पासून तिचे नावही बदलले. कामगारांनी ज्याच्याकडे न्याय मागितला तो स्वतःच दुसऱ्या मोठ्या धन्याचा नोकर निघाला. पॉपाय त्याचा नव्हता, चित्रपट त्याचे नव्हते, भिंतीदेखील त्याच्या नव्हत्या.

पुढे मॅक्सने डेट्रॉइटच्या एका संस्थेत नोकरी केली. त्याचे चित्रपट टेलिव्हिजनला विकले गेले तेव्हा त्यांवरून त्याचे नाव काढून टाकण्यात आले. त्याने न्यायालयात दाद मागितली. निकाल त्याच्या विरुद्ध गेला. 1972 साली चित्रपट-व्यवसायातील वृद्धांच्या आश्रयगृहात तो वारला. डेव्ह 1979 साली गेला.

स्वतःच्या कामावर स्वतःचे नाव नसणे म्हणजे काय, हे मॅक्सला शेवटी कळले. त्याच्या शाई-रंग खात्यातील मुलींना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. 1937 साली दोघे एका बाजूस उभे राहिले असते तर पॅरामाउंटपुढे दोघांचाही शब्द अधिक वजनदार ठरला असता, असे आम्हास वाटते. ब्रॉडवेवरचा तो लढा मात्र वाया गेला नाही. 1941 साली खुद्द डिस्नेच्या दारात चित्रकारांनी संप केला आणि तेथेही संघटनेस मान्यता मिळविली. आज आपल्याकडे मुंबई-पुण्यात संगणकापुढे रात्री जागवून दुसऱ्यांच्या चित्रपटांसाठी चित्रे गिरविणारी मुलेमुली आहेत. पॉपाय पाहताना हसावे जरूर. तो हसण्यासाठीच केलेला आहे. पण शेवटी नावे सरकू लागली की लगेच उठू नये. ती कोणाची आहेत हे पाहावे, आणि कोणाची नाहीत याचाही विचार करावा.