सूत्रात डावीकडे कोण बसणार? (लेखांक ९)

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, गिरीजसारख्या गावांत, बागायती वाड्या विहिरींवर आणि बावखलांवर, म्हणजे गोड्या पाण्याच्या लहान तळ्यांवर, पोसल्या गेल्या. गोल विहिरीतल्या पाण्याचे सूत्र शाळेत सगळेच शिकतात : घनफळ = पाय × त्रिज्येचा वर्ग × पाण्याची खोली. पुस्तकातल्या गणितात त्रिज्या आणि खोली दिलेली असते आणि घनफळ काढायचे असते. वाडीत मात्र प्रश्न वेगळेच पडतात. तीन मीटर व्यासाच्या विहिरीतून पंपाने १०,००० लिटर, म्हणजे १० घनमीटर, पाणी उपसले तर पातळी किती खाली जाईल? झऱ्यांची भर तूर्त बाजूला ठेवली, तर १० ला तळाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे पाय × १.५ चा वर्ग = ७.०७ ने भागायचे, सुमारे १.४ मीटर. दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. समुद्राजवळच्या जमिनीत विहीर हवी तेवढी खोल नेता येत नाही, कारण फार खाली गेल्यास आणि उपसा वाढल्यास खारे पाणी वर सरकते. मग पाण्याची खोली ३ मीटरच धरायची आणि साठा ३०,००० लिटरांचा हवा, तर विहीर किती रुंद खणावी? इथे त्रिज्या अज्ञात आहे. ३० ला पाय आणि ३ यांच्या गुणाकाराने भागले की ३.१८ येतात, त्याचे वर्गमूळ १.७८, म्हणजे व्यास साधारण ३.६ मीटर. सूत्र एकच, पण कोणती राशी अज्ञात हे जमिनीने आणि गरजेने ठरवले. घनफळ डावीकडे लिहिण्याची पद्धत आहे एवढेच. तो मान त्याला जन्माने मिळालेला नाही.

राशी मोकळी करायची रीत महाराष्ट्राला फार पूर्वीपासून ओळखीची आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त व्यस्तविधी सांगितला आहे : उत्तरापासून मागे चालत यायचे आणि वाटेत भागाकाराच्या जागी गुणाकार, गुणाकाराच्या जागी भागाकार, वर्गाच्या जागी मूळ, बेरजेच्या जागी वजाबाकी करायची. त्रिज्या शोधताना आपण नेमके हेच केले. सूत्रात आधी वर्ग होतो आणि मग गुणाकार. म्हणून परतताना आधी भागाकार आणि शेवटी वर्गमूळ. क्रम चुकवून वर्गमूळ आधी घेतले, तर पाय आणि खोली यांचीही मुळे घ्यावी लागतात, आणि विद्यार्थी तेच विसरतो.

भास्कराचार्यांची खरी सूक्ष्म नजर पुढच्या कलमात दिसते. एखाद्या संख्येत तिचाच काही अंश मिळवला असेल, तर उलट जाताना अंश तोच ठेवायचा आणि छेदात तो अंश मिळवायचा. दुकानातले बिल घ्या. १८ टक्के जीएसटी धरून ११८० रुपये झाले, तर मूळ किंमत किती? अनेक जण ११८० मधून त्याचे १८ टक्के वजा करतात आणि ९६७ रुपये ६० पैशांवर येतात. खरे उत्तर १००० आहे. कर १००० वर लागला होता, ११८० वर नव्हे. म्हणून १८/१०० चे उलट १८/११८ होते, आणि ११८० चे १८/११८ म्हणजे बरोबर १८०. ‘अधिकाचे उणे कर’ एवढाच नियम ज्याला ठाऊक आहे, तो इथे हमखास फसतो. समीकरणाने पाहिले तर गोष्ट स्वच्छ होते. किंमत आणि किमतीचे १८ शतांश, अशी अज्ञात राशी दोनदा आली आहे. आधी ती एकत्र करून १.१८ पट म्हणायची आणि मग दोन्ही बाजूंना १.१८ ने भागायचे.

म्हणूनच ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे वाक्य मुलांना पहिल्याच दिवशी देणे मला घातक वाटते. पद कुठेही उडी मारून जात नसते. दोन बाजू समान आहेत. दोन्हींवर एकच क्रिया केली तर त्या समानच राहतात, आणि एका बाजूचे पद त्या क्रियेने नाहीसे होते. यावर शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे : परीक्षेत वेळ कमी असतो आणि झटपट नियमाने गुण मिळतात. नियम वापरू नये असे मी म्हणत नाही. पण कारण आधी कळले असेल तरच त्याच्या मर्यादा दिसतात. दोन्ही बाजूंना एखाद्या राशीने भागताना ती शून्य तर नाही ना, हे पाहावे लागते. वर्गमूळ घेताना धन आणि ऋण अशी दोन उत्तरे येतात. विहिरीची त्रिज्या ऋण नसते म्हणून आपण एक सोडतो, आणि तो निर्णय बीजगणित नव्हे, विहीर देते. वेग-वेळ-अंतराचा त्रिकोण काढून हवी ती राशी बोटाने झाकण्याची युक्तीही अशीच तोकडी आहे. दोन राशींच्या साध्या गुणाकारापलीकडे, अगदी जीएसटीच्या बिलापर्यंतसुद्धा, ती पोचत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे : प्रत्येक सूत्रातून हवी ती राशी सुटी करता येतेच का? नाही. कर्जाच्या मासिक हप्त्याचे सूत्र पाहा. हप्ता, दर आणि मुदत माहीत असेल तर मुद्दल सहज सुटते. मुदत अज्ञात असेल तर लॉगॅरिदम लागतो. पण दर अज्ञात असला की तो सूत्रात अनेक जागी, मोठ्या घातांखाली अडकलेला असतो. पाचव्या आणि त्यापुढच्या घाताची समीकरणे सोडवणारे, मुळांच्या रूपातले सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेल यांनी १८२४ मध्ये दाखवून दिले. म्हणून हप्त्यावरून दर काढणारा संगणकही पक्षांतर करत बसत नाही. तो एक दर धरतो, हप्ता काढतो, फरक पाहतो आणि दर सुधारत जातो. हे सुधारत जाणे नेमके कसे चालते आणि ते उत्तराशी कधी पोचते, ते पुढच्या लेखांकात पाहू.