लंडन ते बॉन : जाताना दोन तास, येताना वीस मिनिटे?

दसरा झाला की चकलांब्याच्या आमच्या वस्तीतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्या गडबडीत एक मावशी मोबाईलवरचे तिकीट घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचा मुलगा राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर लंडनला शिकतो. नोव्हेंबरात अभ्यासासाठी तो चार दिवस जर्मनीतल्या बॉन शहरी जाणार होता. फेरीचे पैसे त्याने पोटाला चिमटा घेऊन साठवलेले.

"भाऊ, जाताना दोन तासाच्या वर अन् येताना वीसच मिनिटं? तिकीट खोटं तर नाय ना? पोराला कुणी फसवलं तर?"

तिकिटावर तसेच होते. लंडनहून ९ वाजता निघून कोलोन-बॉन विमानतळावर ११.२० ला पोच. परतताना १२ ला निघून लंडनला १२.२०. आम्ही कारकुनी करणारी माणसे, आकडा जुळला नाही की आम्हालाही चैन पडत नाही. पण येथे तिकीट खरे होते. वेळ नेहमी त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात, आणि जर्मनीचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. जाताना तो तास वाढलेला दिसतो, येताना कमी झालेला. खरा प्रवास दोन्ही वेळा एक तास वीस मिनिटांचाच.

अंतर तरी किती? सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर. चकलांब्याहून कोल्हापूरकडच्या कारखान्यावर ट्रकने जाताना रस्त्याने चारशेच्या आसपास भरते, म्हणजे त्याहून थोडे जास्त. मावशींना हे ऐकून हायसे वाटले. त्यांना वाटले होते, पोरगं आणखी एका समुद्रापलीकडे निघालं.

विमान ताशी आठशे किलोमीटरने उडते, मग पाऊण तासात का पोचत नाही, असे धाकट्या मुलाने विचारले. प्रश्न बरोबर होता. पण पूर्ण वेग फक्त वरच मिळतो. चढण्या-उतरण्यात आणि धावपट्टीपर्यंत रांगत जाण्यात वेळ जातो. शिवाय दोन तास आधी विमानतळावर हजर व्हायचे, ते वेगळेच. त्यामुळे १९९४ साली सुरू झालेल्या समुद्राखालच्या बोगद्यातून रेल्वेने ब्रुसेल्स, कोलोन करीत पाच-सहा तासांत बॉन गाठणारेही लोक आहेत. दारापासून दारापर्यंत मोजले तर फार फरक पडत नाही. मात्र ब्रिटनचा व्हिसा जर्मनीत चालत नाही, तो वेगळा काढावा लागतो. मुलाने काढला होता, हे आम्ही आधी विचारून घेतले.

याच वाटेने १९२२ साली बाबासाहेब लंडनहून बॉन विद्यापीठात गेले होते. तेव्हा बोगदा नव्हता. रेल्वेने किनारा गाठायचा, बोटीने खाडी ओलांडायची आणि पुन्हा रेल्वे. हे सांगितल्यावर मावशी बराच वेळ तिकिटाकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, "पोचल्यावर त्याचा फोन कधी यील?"

हिवाळ्यात आपले घड्याळ जर्मनीच्या साडेचार तास पुढे असते. तिथले ११.२० म्हणजे आपले दुपारचे ३.५०. त्या वेळी मावशी उसाच्या फडात असणार. म्हणून संध्याकाळी सातनंतर फोन कर, असे आम्ही मुलाला कळवून टाकले.