पहिलीत नाव घातलं, वर्ग पाहिला दुसरीत

जळगाव/धुळे : मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग भरवायला राज्याने परवानगी दिली ती थेट १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे जून २०२० ला पहिलीत नाव घातलेलं पोरगं वर्गात बसलं ते दुसरीत गेल्यावरच. पहिलीत नापास करत नाहीत, त्यामुळे इयत्ता वाढली. वाचन मात्र कच्चं राहिलं.

छोट्या कॉन्व्हेंट शाळेतल्या पोरांना तर दुहेरी मार. घरात अहिराणी, पुस्तक इंग्रजी. सिस्टर, टीचर यांच्याशी बोलताना जी इंग्रजी रोज कानावर पडायची, तीच बंद झाली.

पालकांनी एक करावं. मागच्या इयत्तेच्या पुस्तकाचं एक पान पोराला मोठ्याने वाचायला लावावं. अडखळलं तर रागवू नये, शाळेत जाऊन बाईंना सांगावं.